नवीन ९११ जीटीएस: ६१० सीसी वाढवून इंजिनात फक्त ५ पीएस? कुणीतरी नीट समजावा राव

खंबाटकी_एक्सप्रेस:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. विषय असा की माझ्या मेहुण्याचं आणि माझं परवा जेवताना वाजलं. विषय होता पोर्शे ९११ ची नवीन जीटीएस, तीच ती २०२४ च्या मे महिन्यात दाखवलेली टी-हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर. आम्हा दोघांकडं मिळून एक डिझेल एसयूव्ही आणि एक स्प्लेंडर हाय पण भांडण मात्र पोर्शेवरून. घरचे हसत होते.

तर त्याचं म्हणणं की पोर्शेनं लोकांना उल्लू बनवलंय. आधीची जीटीएस ३.० लिटर, दोन टर्बो, ४८० पीएस (म्हणजे घोडे, ताकद) आणि ५७० एनएम (म्हणजे टॉर्क, ओढायचा जोर). नवीनमध्ये इंजिन केलं ३.६ लिटर, आणि नुसत्या इंजिनाची ताकद किती, तर ४८५ पीएस आणि ५७० एनएम. म्हणजे मी कागदावर मांडलं की २,९८१ सीसीचं ३,५९१ सीसी झालं, ६१० सीसी वाढली, आणि हातात आले ५ घोडे. टॉर्क तर होता तेवढाच. बाकीचं सगळं म्हणं मोटरचं, ते धरून ५४१ पीएस आणि ६१० एनएम होतं. मेहुणा म्हणतो इंजिन बिघडवलं आणि बॅटरी लावून झाकलं. मी म्हटलं जर्मन लोक येडे नाहीत, काहीतरी कारण असणार, पण कारण काय ते मला सांगता येईना, मग गप बसलो.

दुसरं म्हणजे दोन टर्बोचा एकच केला. आमच्या डिझेलला एकच टर्बो हाय आणि खंबाटकी चढताना पुढं ट्रक आला की दुसऱ्या गिअरवर आणून पाय दाबला तरी एक क्षण गाडी विचार करत बसती, मग एकदम ओढती. मोठा एकच टर्बो म्हणजे ते तर अजून वाढायला पाहिजे ना? मग ती गाडी ३ सेकंदात शंभर कशी गाठती?

पैज एका मिसळीवर हाय, पाच जणांची. कुणीतरी नीट सांगा. इंग्रजी व्हिडिओ बघितले पण त्यात लोक नुसतं आवाज ऐकवतात आणि तोंड उघडून ओरडतात.

संत्रा_स्पोर्ट:
पाच जणाईची मिसळ म्हणजे पैज लय मोठी लावली राजेहो. मले बी समजून घ्याचं हाय हे, बसलो हाव पॉपकॉर्न घेऊन.

झुफेनहाउजनचा_शेजारी:
भावा प्रश्न एक नंबर विचारलास, कारण हा ५ पीएसचा आकडा खरंतर त्या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही, सगळे त्या बॅटरीच्या मागे. आधीच सांगतो मी पोर्शेत नाही, स्टुटगार्टजवळ एका पुरवठादाराकडे इंजिन कॅलिब्रेशन करतो, खाली लिहितोय ते सगळं कंपनीने उघड सांगितलेलं आहे आणि बाकी इंजिनाचं साधं शास्त्र आहे, गुपित काही नाही त्यामुळे माझी नोकरी घालवू नका.

टर्बो पेट्रोल इंजिन जोरात पळवलं की एक्झॉस्ट भयंकर तापतो, हजार अंशाच्या आसपास. टर्बोची टर्बाईन त्याच वाऱ्यात बसलेली असते, तिला आणि कॅटला (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) वाचवायचं तर तापमान खाली आणावं लागतं. मग इतकी वर्षं सगळ्यांनीच एक सोपी युक्ती वापरली, फुल थ्रॉटलला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मारायचं. ते जास्तीचं पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ होताना ते उष्णता खेचून घेतं, म्हणजे माठातलं पाणी गार होतं तसंच. आपण पेट्रोल जाळायला नाही, गार करायला वापरतो. ऐकायला उधळपट्टी वाटते आणि आहेच, पण ताकद मिळते आणि टर्बो वितळत नाही.

आता पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, या प्रमाणाला आमच्याकडे लॅम्डा १ म्हणतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो फक्त याच्या आसपास. जास्त पेट्रोल मारलं की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन सरळ सायलेन्सरमधून बाहेर. युरोपातले नियम घट्ट होत चाललेत आणि पुढे युरो ७ उभा आहे, त्यामुळे पोर्शेने या नवीन इंजिनात ठरवलं की कुठल्याही आरपीएमला, कितीही पाय दाबा, लॅम्डा १ सोडायचा नाही. म्हणजे पेट्रोलने गार करायची युक्ती गेली. मग तापमान आवरायचं कसं, तर प्रत्येक लिटरमागे काढायची ताकद कमी करायची. आणि प्रत्येक लिटरमागे ताकद कमी केली तर एकूण ताकद टिकवायला लिटर वाढवायला लागतात.

हिशोब तूच करून बघ. जुनं इंजिन लिटरमागे १६० पीएसच्या आसपास देत होतं, नवीन १३५. सिलिंडरचा बोअर, म्हणजे व्यास, ९१ मिमीचा ९७ केला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ७६.४ चा ८१. म्हणजे ती वाढलेली ६१० सीसी ताकदीसाठी नव्हतीच, ती जवळजवळ सगळी धूर स्वच्छ ठेवायची किंमत म्हणून गेली, आणि एवढं करून वर ५ पीएस जास्तच आले. मेहुण्याला सांग इंजिन बिघडवलं नाही, इंजिनाने उपास धरलाय आणि तरी वजन उचलतंय.

टर्बोचं नंतर लिहितो, मुलीला शाळेतून आणायचंय.

तेरा_चौदाचा_पाना:
वर साहेबांनी बरोबर सांगितलं. माझं पुण्यात गॅरेज आहे, २२ वर्षं झाली, टर्बोवाल्या गाड्या बऱ्याच हाताखालून गेल्या (पोर्शे नाही हो, कोण देतंय). टर्बोचं मी सांगतो तोवर.

लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर गाडी विचार करते तो उशीर, कशामुळे येतो, तर टर्बो हा एक भोवरा आहे. एक्झॉस्टचा वारा एका बाजूच्या पंख्यावर येतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूचा पंखा हवा दाबून इंजिनात घालतो. तो दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो तेव्हा कुठे बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, तयार होतो. तुम्ही पाय दाबला त्या क्षणाला तो हळू फिरत असतो, इंजिनाने आधी जास्त एक्झॉस्ट काढायला पाहिजे मग तो जोर धरणार, आणि त्याने जोर धरल्याशिवाय इंजिन जास्त एक्झॉस्ट काढणार नाही. असा आधी कोंबडी का आधी अंडं घोळ आहे तो. छोटा पंखा लावला तर लवकर फिरतो पण वरच्या आरपीएमला दम संपतो, मोठा लावला तर वर मजा आणि खाली झोप. म्हणून सहा सिलिंडरला तीन-तीनच्या वाटणीने दोन छोटे लावतात.

मी स्वतः ही चूक केलीय. एका गिऱ्हाईकाने हट्ट धरला म्हणून त्याच्या गाडीला मोठा टर्बो बसवून दिला. डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) आकडा बघून पठ्ठ्या पेढे वाटायला निघाला होता. पुढच्या रविवारी ताम्हिणीला गेला आणि सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभा, म्हणे काका जुना परत बसवा, वळणातून बाहेर पडताना गाडीला हाक मारली तर पुढच्या वळणाला ओ देते.

आणि पोर्शेवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहितीये कारण त्यांनीच ५० वर्षांपूर्वी हे भोगलंय. १९७४ ला पॅरिसला पहिली ९११ टर्बो दाखवली, ३ लिटर, २६० पीएस, मागे एक मोठा टर्बो. ती गाडी वळणात लोकांना खड्ड्यात घालायची, कारण बूस्ट यायचा तो उशिरा आणि एकदम, आणि इंजिन पार मागे, त्यात घाबरून पाय काढला की मागचं बूड पुढे यायला बघायचं. मग १९९५ ला ९११ च्याच ९९३ पिढीच्या टर्बोत दोन छोटे टर्बो केले, २००६ ला ९९७ टर्बोत पंख्याभोवती हलणाऱ्या पाकळ्या आणल्या, तेच जे आपल्या डिझेल गाड्यांत व्हीजीटी म्हणून असतं. डिझेलचा एक्झॉस्ट त्या मानाने थंड म्हणून तिथे ते स्वस्तात जमतं, पेट्रोलच्या उष्णतेत पाकळ्या टिकवणं महाग प्रकरण. म्हणजे बघा ५० वर्षं एकाच भोवऱ्याला वेळेवर फिरवायची धडपड चाललीय.

खंबाटकीवाले, तुमची गाडी दुसऱ्या गिअरला विचार करते म्हणता, एकदा इंटरकूलरचे पाइप बघून घ्या. क्लँपजवळ तेल झिरपलेलं दिसलं तर तो लॅग नाही, लीक आहे.

खंबाटकी_एक्सप्रेस:
तेरा चौदा काका, तेल हाय तिथं!! आत्ताच खाली जाऊन टॉर्चनं बघून आलो. पोर्शेचं विचारायला आलो आणि आमच्याच गाडीचं निदान झालं.

आणि शेजारी साहेब ते माठाचं उदाहरण मेहुण्याला फोनवर ऐकवलं, तो दोन मिनिटं गप होता. मग म्हणाला बरं इंजिनाचं मान्य, पण एका टर्बोचं काय. पुढचं लिहा लवकर.

झुफेनहाउजनचा_शेजारी:
आलो. पाना काकांनी भोवरा म्हटलं ते इतकं चपखल आहे की आता मी तेच धरून पुढे जातो. भोवऱ्याला दोरी लावून ओढलं तर? बस, तेवढंच केलंय.

या टर्बोच्या दोन पंख्यांच्या मध्ये, त्याच दांड्यावर, एक इलेक्ट्रिक मोटर बसवलीय. पाय दाबला की एक्झॉस्टची वाट बघायचीच नाही, मोटर दांडा फिरवून बूस्ट तयार ठेवते, मागून एक्झॉस्ट आला की तो काम ताब्यात घेतो. एकदा ही सोय झाली की मोठ्या टर्बोचा मुख्य तोटाच गेला, मग दोन कशाला, दोनांचे पाइप, वजन, जागा, सगळं वाचलं. लक्षात घे मोठ्या पंख्याचं दुखणं किती असतं ते: आकार तसाच ठेवून व्यास दीडपट केला तर त्याचं फिरण्यातलं जडत्व साडेसातपट होतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. म्हणून पाना काकांचं गिऱ्हाईक सोमवारी सकाळी दारात उभं होतं.

पण मला खरी मजा वाटते ती उलट्या दिशेची. साध्या टर्बोत बूस्ट पुरेसा झाला की जास्तीचा एक्झॉस्ट वेस्टगेट नावाच्या झडपेतून बाजूने सोडून देतात, म्हणजे फुकट घालवतात, नाहीतर टर्बो बेलगाम फिरत सुटेल. इथे वेस्टगेटची गरजच राहिली नाही. टर्बो जास्त फिरायला लागला की तीच मोटर जनरेटर होऊन त्याला ब्रेक लावते आणि ११ किलोवॉटपर्यंत वीज काढते. ती वीज बॅटरीत टाका नाहीतर सरळ दुसऱ्या मोटरला द्या, जी पीडीके, म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत बसवलीय, ४० किलोवॉट आणि १५० एनएमची. म्हणजे जो वारा आधी वाया जायचा तो फिरून चाकापर्यंत येतो. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून एमजीयू-एच म्हणून जे होतं, ते असंच टर्बोच्या दांड्यावर होतं (२०२६ पासून नियमातून काढलंय, तिथे ते खर्चिक आणि कटकटीचं झालं होतं). पोर्शेच्याच ९१९ रेसगाडीतही एक्झॉस्टमधून वीज काढायचे, फक्त त्यासाठी वेगळी टर्बाईन होती. २०१५, १६, १७ असं सलग तीनदा ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली ती गाडी.

आता बेरीज कर. इंजिन ३५७ किलोवॉट, मोटर ४०, म्हणजे ३९७, कंपनी एकूण ३९८ सांगते. टॉर्कची मात्र अशी बेरीज करू नकोस, ५७० आणि १५० मिळून ७२० होत नाहीत, कारण दोघांचा कमाल टॉर्क एकाच आरपीएमला येत नाही.

खंबाटकी_एक्सप्रेस:
आता कळलं. पण मग बॅटरी संपली की काय? मेहुण्याचा शेवटचा बाण तोच हाय, म्हणतो ट्रॅकवर दोन राउंड मारले की बॅटरी झोपणार आणि मग तुमची गाडी जुन्या गाडीपेक्षा जड दगड.

झुफेनहाउजनचा_शेजारी:
बाण चांगला आहे मेहुण्याचा, त्याला पण आणा इकडे.

बॅटरी आहे १.९ किलोवॉट-अवर. तुमच्या घरच्या मीटरच्या भाषेत दोन युनिटसुद्धा नाही, एक गिझर तासभर चालला की संपलं. ४० किलोवॉटची मोटर नुसती बॅटरीवर पूर्ण जोरात चालवली तर कागदावर तीन मिनिटं पण पुरणार नाही. म्हणूनच ही गाडी प्लगला लावता येत नाही आणि नुसत्या विजेवर चालतही नाही, तो हेतूच नाही. ती टाकी नाहीये, ती पाकीट आहे, सकाळी दहा रुपये टाकले, दुपारी काढले, संध्याकाळी परत टाकले. ब्रेक मारला की भरते, आणि वर सांगितलं तसं फुल थ्रॉटलला टर्बोसुद्धा भरतो. ट्रॅकवर सतत ब्रेक आणि थ्रॉटल, म्हणजे सतत देवाणघेवाण.

वजनाचं म्हणशील तर बॅटरी २७ किलोची, साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीच्या आकाराची, तिच्याच जागी पुढे बसते. सगळं मिळून गाडी आधीपेक्षा ५० किलो जड झाली, १,५९५ किलो. प्रणाली ४०० व्होल्टची, त्यामुळे एसी कॉम्प्रेसरपण विजेवर, इंजिनावरचा पट्टा गायब, अल्टरनेटर गायब, स्टार्टर गायब. पट्टा गेल्यामुळे इंजिनाची उंची ११ सेंटीमीटरने कमी झाली आणि त्या रिकाम्या जागेत इन्व्हर्टर आणि बाकीचे डबे बसवले. हे मला त्या गाडीतलं सगळ्यात हुशार काम वाटतं खरं सांगायचं तर. जागा शोधली नाही, जागा तयार केली.

आणि दगड म्हणशील तर, जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या नॉर्डश्लायफवर, २०.८ किलोमीटरचा राउंड, ७ मिनिटं १६.९३४ सेकंद. जुन्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद कमी. उभ्या जागेवरून सुटल्यावर अडीच सेकंदांत नवीन गाडी जुनीच्या साधारण ७ मीटर पुढे असते असं कंपनी म्हणते. त्या ट्रॅकवर रविवारी पैसे भरून कुणीही आपली गाडी घालू शकतं, मी ब्रुनशेनच्या वळणावर कुंपणापाशी डबा घेऊन बसतो कधीकधी, पोहे खात खात बघायला मजा येते. बघणारे निम्मे लोक कुणी आदळतंय का तेच बघायला आलेले असतात हे पण खरं.

जर्सीचा_काका:
सगळं मान्य, आकडे भारी आहेत, पण एक माणूस बोलत नाहीये की मॅन्युअल काढून टाकला. आधीच्या जीटीएसला ७ गिअरचा मॅन्युअल मिळायचा. आता मोटरच पीडीकेच्या पोटात बसवल्यावर मॅन्युअल लावणार कुठे, म्हणजे दरवाजाच बंद. आमच्या ऑफिसमधल्या एकाने घेतली, गेल्या महिन्यात मला बाजूला बसवून हायवेच्या रॅम्पवर पाय दाबला, शप्पथ सांगतो कॉफी मागच्या सीटवर गेली आणि मला वाटलं लॅग शोधू म्हणून मी तयारच बसलो होतो तर लॅग नाहीच, स्विच दाबल्यासारखं. नंतर मी त्याला म्हटलं अरे पण तू केलंस काय यात, गाडीनेच सगळं केलं.

मी १९९७ पासून इकडे आहे, पहिली गाडी क्लच असलेली होती, बायको त्यातच शिकली, मुलगा पण. त्यामुळे माझं मत विकत घेणाऱ्याचं नाही (परवडत नाही), रसिकाचं समजा. ज्याला गिअर हलवायचाय त्याने करेरा टी बघावी, ३९४ पीएस, ३ लिटर जुन्या पद्धतीचे दोन टर्बो, ६ गिअरचा मॅन्युअल, हायब्रिड भानगड नाही. किंवा लॉटरी लागली तर जीटी३, तिला टर्बोच नाही, ४ लिटर, ९,००० आरपीएम, ५१० पीएस.

झुफेनहाउजनचा_शेजारी:
काका जीटी३ चं नाव काढलंत ते बरं झालं कारण तीच माझा मुद्दा सिद्ध करते. धूर स्वच्छ ठेवायला त्या गाडीत आता दोन पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारे) आणि चार कॅट आहेत. ताकद ५१० वर टिकवली पण टॉर्क ४७० वरून ४५० वर आला. नियम सगळ्यांनाच लागू, फक्त बिल कोणी कशात भरलं तेवढा फरक. जीटी३ ने टॉर्कमध्ये भरलं, जीटीएसने ६१० सीसी आणि ५० किलोत.

मॅन्युअलचं दुःख मलाही आहे. मी त्यावर वाद घालणार नाही.

तेरा_चौदाचा_पाना:
मी वाद घालतो ना. गाडी विकताना सगळं छान आहे, दहा वर्षांनी काय? साध्या टर्बोची बेअरिंग गेली तर आम्ही आतलं काडतूस बदलून बॅलन्स करून देतो. यात दांड्यावर मोटर, तिला ४०० व्होल्टची केबल, शेजारी हजार अंशाची टर्बाईन. रस्त्यावरचं गॅरेज याला हात लावू शकणार नाही आणि लावू पण नये, आमच्या पोरांना मी नारिंगी केबल (जास्त व्होल्टची) दिसली की हात खिशात घालायला शिकवलंय. म्हणजे आयुष्यभर कंपनीच्या दारात. जुनी ९११ लोक ४० वर्षं पळवतात कारण ती उघडता येते.

इंजिनिअरिंग म्हणून सलाम आहे, दुरुस्ती म्हणून मला धास्ती वाटते. मर्सिडीज-एएमजीने पण दोन-तीन वर्षं आधी असा विजेवरचा टर्बो सी४३ मध्ये आणला होता, ४८ व्होल्टवर, म्हणजे हे आता एकट्या पोर्शेचं राहिलेलं नाही, हळूहळू सगळीकडे येणार आणि माझ्या पोराला हे शिकावंच लागणार. तो म्हणतो बाबा कोर्सची फी भरा. भरतो बाबा.

जर्सीचा_काका:
पाना दादा दहा वर्षांनी ती गाडी घेणारा माणूस पण लीजवरच घेईल 😄

संत्रा_स्पोर्ट:
मले एक सांगा शेजारी भाऊ, एक टर्बो इतका भारी हाय तर मंग २०२५ मध्ये आलेल्या टर्बो एसले पोर्शेनं परत दोन काहून लावले? मंग ते एकाचं कौतुक कायले?

झुफेनहाउजनचा_शेजारी:
हाहा, हा आला खरा बाउन्सर.

टर्बो एसमध्ये हेच ३.६ लिटर इंजिन आहे, पण तिथे मागणी ७११ पीएस आणि ८०० एनएमची. एवढी हवा एका टर्बोतून घालायची तर तो इतका मोठा लागेल की मोटरलाही तो वेळेत फिरवणं जड जाईल, वर सांगितलेला पाचवा घात आठव. म्हणून तिथे दोन लहान विजेवरचे टर्बो, प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरला एक. बॅटरी तेवढीच १.९ ची. वजन आधीच्या टर्बो एसपेक्षा ८५ किलो वाढलं आणि तरी नॉर्डश्लायफवर ७ मिनिटं ३.९२ सेकंद, म्हणजे जुनीपेक्षा साधारण १४ सेकंद कमी. तर एक की दोन हा धर्माचा प्रश्न नाहीये, किती हवा पाहिजे त्याचा आहे. ५४१ ला एक पुरतो, ७११ ला नाही.

आणि मजा बघा, तिथेही टॉर्क आधीएवढाच ठेवला, ८०० चे ८००. वाढवली ती वरच्या आरपीएमची ताकद आणि खालचा तत्परपणा.

संत्रा_स्पोर्ट:
पटलं. मी पार्टीले येऊन राहिलो हाव, साताऱ्याचा पत्ता टाका.

खंबाटकी_एक्सप्रेस:
मंडळी निकाल लागला. मेहुण्याला सगळा धागा वाचायला दिला, त्यानं दोनदा वाचला, मग म्हणाला इंजिनाचं तू जिंकलास पण मॅन्युअल काढला आणि दुरुस्तीला कंपनीच्या दारात जावं लागतंय म्हणजे फसवणूक झालीच, फक्त मी सांगितली ती नाही. त्यामुळं बिल निम्मं निम्मं ठरलं. मी म्हटलं पाच जणांची मिसळ हाय, अडीच अडीच प्लेट कशी करायची, तर म्हणतो तर्री तुझी, पाव माझे.

बाकी तेरा चौदा काका, इंटरकूलरचा पाइप खरंच चिरलेला निघाला. इथल्या मेकॅनिकनं क्लँप आवळून दिलाय तात्पुरता, नवीन पाइप मागवलाय. काल खंबाटकी चढून आलो, दुसऱ्या गिअरला आता विचार करत नाही पण तिसऱ्याला अजून थोडी करती. तो लॅग का लीक?

तेरा_चौदाचा_पाना:
क्लँप आवळून चिरलेला पाइप बसत नाही हो. नवीन येईपर्यंत घाटात ओव्हरटेक करू नका. पाइप बदलल्यावर पण राहिलं तर मग तो लॅग, आणि त्याला उपाय एकच, पाय थोडा आधी दाबायचा.